अक्षराखालची मसुराएवढी जागा

धर्म्या, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून तुझा भाऊ हात मागे घेतोय, तोवर उतरला. लोक म्हणाले, सुखानं गेला, मागं काही राहिलं नाही त्याचं. मी तिथंच उभा होतो. तोंडावर आलं होतं की त्याचं नसेल राहिलं, माझं राहिलंय. पण तुझा भाऊ रडत होता, म्हणून गप्प बसलो. आता बसणार नाही.

वाचनालयाच्या मास्तरांनी हस्तलिखित अंकासाठी तुझ्यावर चार ओळी लिहिल्या आणि मला वाचून दाखवल्या. 'मनमिळाऊ, प्रेमळ, सर्वांना हवाहवासा.' मी विचारलं, "मास्तर, हे कोणाबद्दल आहे?"

"धर्माबद्दल."

"फाडा."

तू आणि मनमिळाऊ! बंदरावरच्या निम्म्या नाखव्यांशी तुझं बोलणं बंद होतं. उरलेल्या निम्म्यांनी तुझ्याशी बंद केलेलं होतं. मास्तर चिडले. म्हणाले, मग तुम्हीच लिहा. म्हणून लिहितोय. तीन यत्ता शिकलोय, तेवढ्यात बसेल तेवढं लिहीन. मास्तरांनी ऱ्हस्व-दीर्घ बघावं, बाकी एका शब्दाला हात लावायचा नाही, असं कबूल करून घेतलंय.

तर ऐक. मी तुझ्यावर रागावलोय. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. जिवंतपणी सापडला असतास तर तेव्हाच रागावलो असतो की. पण तू आठ वर्षं माझ्यापासून लपवलंस आणि सहा दिवसांच्या तापात निघून गेलास. दोन्ही तूच केलंस. मी काय करायला हवं होतं?

आपली गाठ पडली ती लढाईच्या दिवसांत. शिपायांना आकाशात विमान दिसलं की आपलं की परकं ते ओळखता यावं, म्हणून लष्कराच्या कोणा साहेबाला लाकडाची लहान विमानं हवी होती. काळी, नुसता आकार. काम पनवेलला आलं, कारण बैलगाडीची चाकं करणारे हात इथं होते. मी चाळिशीला आलेला. लाकूड माझं. रंग द्यायला बंदरावरून होड्यांची नावं रंगवणारा एक काळा, किडकिडीत माणूस कोणीतरी आणून उभा केला, तो तू. पहिलं विमान हातात घेऊन उलटंपालटं केलंस आणि विचारलंस,

"मिस्तरी, याचा नाव कुठं लिवाचा?"

"लढाईचं आहे. नाव कशाला?"

"नाव नाय तं परत कसा येल?"

मी त्या दिवशी तुला खुळा ठरवला. वीस वर्षं झाली, अजून ते मत बदललेलं नाही. पण शिवणीचं लाकूड गुळगुळीत करून तुझ्या हातात दिलं की तू असा रंग द्यायचास की कुंचल्याची रेघ दिसायची नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास.

आता वाचणाऱ्यांना कळावं म्हणून दोन गोष्टी सांगाव्या लागतील. तुला त्या ठाऊक आहेत, तू थांब.

माझ्या बापानं मला एक गोष्ट शिकवली. चाकाच्या तुंब्यात, मधल्या गड्ड्यात, आरा बसतो तो मापानं बसतो. खिळा मारायचा तो ज्याला माप येत नाही त्यानं. आमच्या घरच्या चाकाच्या लाकडात लोखंडाचा खिळा कधी गेला नाही. बाहेरून लोखंडी धाव चढवायची ती लोहारानं, त्याचं तो बघेल. पुण्याच्या रस्त्यानं जाणारी गाडी घाट चढून उतरली तरी चाक कुरकुरलं नाही पाहिजे, आणि आत खिळा नाही. बाप अंथरुणावर होता तेव्हासुद्धा माझ्याकडून हेच वदवून घेतलं त्यानं.

तुझं वेगळं. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, एकदा नाव लिहिलं की ते खरवडायचं नाही. होडी विकली तर नव्या धन्यानं वरून रंग चढवावा आणि आपलं नाव घालावं, जुनं आत राहतं. होडी मोडली तर नावाची फळी चुलीत जात नाही, ओहोटीच्या पाण्यात सोडायची. तुझ्या बापानं तुला हे शिकवलेलं. मी हसलो तर म्हणालास, "हस. तुज्या चाकांना बुडायची भीती नाय."

लढाई संपली, काळी विमानं संपली. मी चाकांकडे गेलो, तू होड्यांकडे. मग आठ वर्षांमागं मुंबईच्या एका विमान कंपनीचा माणूस हुडकत आला. त्यांच्या कचेऱ्यांत काचेच्या कपाटात ठेवायला विमानं हवी होती. ही काळी नाहीत. पांढरी, निळ्या पट्ट्याची, खिडक्यांची रांग, अंगावर कंपनीचं नाव, पंखाखाली मोठी विलायती अक्षरं. ती रंगवायची नाहीत. छापील येणार. शिलाईच्या मशीनवर सोनेरी फुलं असतात, तीच जात. ट्रान्सफर म्हणतात. कागद पाण्यात ठेवायचा, वरचा पापुद्रा सुटतो, तो कांद्याच्या सालीसारखा अलगद सरकवून विमानावर बसवायचा आणि ओल्या फडक्यानं खालचं पाणी दाबून काढायचं. मी एकदा करून बघितलं. माझ्या बोटाला चिकटून त्याची गोळी झाली. तू परातीत पाणी घेतलंस, बाहीनं नाक पुसलंस आणि पहिल्याच वेळी अख्खं नाव सरळ बसवलंस. हाताखाली पाण्याचा एक बुडबुडा राहिला नाही. आपल्या दोघांनाही त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

भानगड पुढं होती. विमानाला बारीकसारीक जोडकाम असतं. पाठीवर वायरलेसचा खांब, काडीएवढा. पोटाखाली वाटाण्याएवढा घुमट. पंखाखाली हवेची नळी, बोटाच्या पेराएवढी. ते आधी लावलं तर पापुद्रा त्याच्याभोवती फाटतो आणि सुरकुततो. म्हणून आधी छाप, मग जोडकाम. आणि खांब नेमका निळ्या पट्ट्यावर येतो, नळी नेमकी मोठ्या अक्षरावर. सरस लाकडाला धरतो. गुळगुळीत पापुद्र्याला तो धरला तरी काय उपयोग, पापुद्राच खालचा रंग सोडून उठतो आणि खांबासकट निघून येतो.

यावर दोन इलाज. एक तर तेवढी जागा लाकडापर्यंत खरवडायची आणि सरस लावायचा. नाहीतर बारीक भोक पाडून खिळा घालायचा. जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं दोहोंतलं एक केलं असतं. इथं आपण दोघं होतो. खिळा मी मारेना, अक्षर तू खरवडू देईनास. म्हणून छापाच्या वरच सरस लावला आणि विमान पाठवलं.

महिन्याभरात कंपनीचा माणूस तेच विमान खोक्यात घालून परत घेऊन आला. खांब कपाटाच्या तळाशी पडलेला होता. ओटीवर खोका उघडून तो हसत म्हणाला, "मिस्त्री, विमानाला टक्कल पडलं."

त्याच्यासमोर आपली जुंपली.

"मसुराएवढी जागा खरवड," मी म्हटलं. "वरून खांब बसणार. कोणाला दिसायचं नाही."

"देवाला दिसल."

"कुठल्या देवाला विलायती अक्षर वाचता येतं?"

"तू खिला मार. टाचनीएवढा. कोनाला दिसाचा नाय."

"माझ्या बापाला दिसेल."

"तुजा बाप मेलाय."

"तुझ्या देवापेक्षा जास्त जिवंत आहे!"

कंपनीचा माणूस हसत होता. त्याचं हसणं माझ्या डोक्यात गेलं. आणि मी ते बोललो. म्हटलं, "अक्षराचा एवढा गर्व कोणाला? दुसऱ्यानं दिलेल्या चिठ्ठीवरून नावं काढतोस. स्वतःचं नाव लिहायची वेळ आली की अंगठा पुढं करतोस. अंगठेबहाद्दर!"

तू परात उचललीस, पाणी ओटीखाली ओतलंस आणि गेलास.

तीन महिने आला नाहीस. मी येणार नव्हतो. मला चाकांचं काम होतं. नव्हतं म्हण हवं तर, पण मी येणार नव्हतो. शिमग्याच्या आधी एक दिवस तू खांद्यावर फडक्यात बांधलेलं विमान घेऊन दारात उभा. नवे छाप बसवून आणलेले. म्हणालास, "मिस्तरी, खिला नको, खरवडाचाबी नाय. अक्षरावरच लाव तुजा सरस. आता धरंल."

"आता का धरेल?"

"मी बोलतो म्हनून."

मला बापाची एक युक्ती आठवली. गुळगुळीत वस्तूवर सरस लावायचा तर आधी लसणीची पाकळी कापून चोळायची. लसूण चोळली, खांब लावला. दुसऱ्या दिवशी ओढून बघितला. हलेना. घुमट हलेना, नळी हलेना. विमान उलटं धरून झाडलं, काही पडलं नाही. चोळताना माझ्या अंगठ्याला निळा रंग लागला होता. मी तुला अंगठा दाखवला आणि म्हटलं, "बघ. लसूण कशी चावते. पापुद्र्याच्या आत जाते ती."

तू डोळे मोठे करून माझ्या अंगठ्याकडे बघितलंस. "आयला," म्हणालास.

आयला! धर्म्या, ते 'आयला' आठवलं की आज माझं रक्त उकळतं.

त्यानंतर आठ वर्षं एकही खांब पडला नाही. कंपनीचा माणूस म्हणायचा, मिस्त्री, तुमच्यासारखं जोडकाम मुंबईत होत नाही. मी लसणीचं गुपित आधी कोणाला सांगितलं नाही. मग दोन सुतारांना सांगितलं. मग कंपनीच्या माणसाला सांगितलं, त्यानं वहीत लिहून घेतलं. विमान रवाना झालं की आपण चहाला जायचो. तिथं दहा माणसांत मी तुला विचारायचो, "काय रे धर्मा, खिळा लागला का?"

"नाय लागला."

"मग कोण खरं?"

"तू खरा, मिस्तरी. च्या पाज."

दर वेळी. हसून. कधी कधी तर मी सरस पातळ करत असायचो आणि तूच आठवण करायचास, "मिस्तरी, लसूण चोललीस का?" लसूणही तूच घरून आणायचास. आणलीस की नाही? सांग ना.

एकदा कंपनीच्या माणसानं आपल्याला खरं विमान दाखवायला नेलं. कुंपणाच्या बाहेरून, पण जवळून. तू पंखाखालची अक्षरं बघत बसलास. मी खांब कसा बसवलाय ते बघत होतो. विमानाच्या सगळ्या अंगावर खिळेच खिळे. पत्र्यात ओळीनं ठोकलेले, हजारांनी. तू कोपरानं मला ढोसलंस. "मिस्तरी, मोजतोस का?"

"पत्र्याला चालतात," मी म्हटलं. "पत्र्याला माप कुठं असतं?"

तू एवढा हसलास की पहारेकरी बघायला आला. परतीच्या रस्त्यावर कर्नाळ्याचा सुळका दिसेपर्यंत तू मधूनच हसत होतास आणि मी तुझ्याशी बोलत नव्हतो. तो दिवस चांगला होता. एवढं लिहितो आणि पुढं जातो.

तू गेलास त्यानंतर तुझ्या बायकोनं, हिरावहिनींनी, घरी राहिलेलं विमान माझ्याकडे पाठवून दिलं, तुझ्याच धोतरात गुंडाळून. छाप सगळे बसवलेले होते. कंपनीचा माणूस येणार होता. माझं फक्त जोडकाम राहिलेलं. मी सरस शिजवला, लसूण कापली, निळ्या पट्ट्यावर चोळली, खांब उभा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी खांब आडवा. बुडाला पट्ट्याचा नखाएवढा लचका.

म्हटलं सरस शिळा असेल. ताजा केला. लसूण नवी आणली. लचक्याच्या शेजारी, छाप शाबूत होता तिथं, पुन्हा लावला. पुन्हा पडला. दुसरा लचका. तुझ्या हातचा शेवटचा पट्टा, आणि मी त्याला कुत्र्यासारखे चावे घेत होतो. मग माझ्या ध्यानात आलं. माझा अंगठा कोरा होता. निळा रंग लागलाच नव्हता.

घरात खुंटीला पंख मोडलेलं एक जुनं विमान आहे. ते तू आणि मी मिळून केलेलं. त्याचा खांब अजून ताठ. मी चष्मा लावला. चारचौघांत लावत नाही मी तो. पटाशीचं टोक खांबाच्या बुडाशी घालून तो उचकटला.

खाली मसुराएवढी जागा. छाप नाही, रंग नाही, उघडं लाकूड. कड अशी गोल की कर्कटानं आखलेली वाटावी. कडेला पाण्यात कालवलेल्या निळ्या रंगाचा अंश. घुमट काढला, त्याच्याखाली तसंच. नळी काढली. मोठ्या अक्षराच्या पोटात तसंच गोल भोक, आणि त्याच्या कडेला तांबडा रंग.

मी ते विमान तसंच काखेत घेऊन तुझ्या घरी गेलो. हिरावहिनी उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. मी विमान त्यांच्यापुढं धरलं. "वहिनी, हे काय आहे?"

त्यांनी बघितलं. हातातले तांदूळ सुपात टाकले. "दिसला का शेवटी? मी बोललेली त्यांना, मिस्तरीचे डोले गेलेत पन अक्कल हाय, कदीतरी बगल. ते बोल्ले, नाय बगनार."

"हे त्यानं केलं?"

"आनि कोन करल? सकाली आंघोल कराचे. इमानाच्या पाया पडाचे. मंग दाढीच्या पात्यानं बसाचे खरवडत. वरून पान्याचा रंग, तुमाला कलू नये म्हनून. कोंडा खाली पडू द्याचे नाय."

त्या आत गेल्या आणि तंबाखूची पत्र्याची डबी घेऊन आल्या. आत निळीतांबडी भुकटी होती, चिमूटभर.

"ओहोटीला नेऊन सोडाचे खाडीत. मागल्या येलची ऱ्हायली. आन शेवटच्या इमानाचा काम करायच्या आदीच आडवे झाले."

"का पण? अक्षर खरवडायचं नाही, ही त्याची शपथ होती ना?"

"तुमी खिला मारनार नाय. मंग कोनीतरी वाकाचा ना, भावजी?"

"मला सांगायचं होतं!"

"सांगितला असता तं तुमी काम केला असता?"

त्यांनी पुन्हा सूप मांडीवर घेतलं. "ते बोलाचे, मिस्तरीला हरवला तं तो दारात उबा करनार नाय. आन तो नाय तं मी भांडू कोनाशी?"

मग तांदळातला खडा फेकून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी त्या दिशी ओटीवर काय बोल्लात ते मना ठावं हाय. ते इसरले. मी नाय इसरले."

मी त्यांची माफी मागितली नाही. मला ते येत नाही. विमान घेऊन घरी आलो.

तेव्हापासून मला प्रत्येक गोष्टीचा संशय येतोय. माझी बायको गेली त्या वर्षी तू रोज यायचास, काम असो नसो. सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीस. नुसता बसून माझ्या पटाशांना धार लावायचास. इतकी वाईट लावायचास की मला शिव्या देत सगळ्या पुन्हा घासाव्या लागायच्या, त्यात दुपार निघून जायची. तेही मुद्दाम होतं का रे? बुद्धिबळात हरायचास ते? गणपतीत माझं भजन बेसूर झालं तेव्हा तू माझ्याहून मोठ्यांदा बेसूर ओरडलास, ते? आता कोणाला विचारू? माझी सगळी वीस वर्षं तू पोखरून ठेवलीस. कुठं मी खरंच जिंकलो आणि कुठं तू जागा करून दिलीस, मला कळायला मार्ग नाही. मित्रानं असं करावं? भांडायचं तर समोरासमोर. मी चार महिने बोललो नसतो. सहा महिने म्हण. पण शेवटी आलो असतो. आलो असतो, धर्म्या. तुला एवढा भरवसा नव्हता माझा?

मला माहीत आहे तू काय म्हणशील. म्हणशील, मागच्या येली कोन आला होता, तू का मी?

बरं. तू आलास.

पुढचं ऐक. तुझं शेवटचं विमान पुढ्यात घेतलं, कपाटातून पितळेची टाचणी काढली. डोकं कापलं, कानशीनं टोक केलं. सगळ्यात बारीक सामता घेतला आणि पंखाखालच्या मोठ्या अक्षराच्या मधोमध भोक पाडलं. मधे दोनदा थांबलो. घाई केली तर पापुद्रा कडेनं उठतो, म्हणून आधी सुईनं टोचून घेतलं आणि मग हळू फिरवलं. नळीच्या बुडात टाचणी बसवली, दुसरं टोक अक्षरात. खांबाचं तेच केलं, घुमटाचं तेच. अक्षर सगळं शाबूत आहे. कुठंही खरवडलेलं नाही. आमच्या घराण्यातला पहिला खिळा मी मारला, साठी उलटल्यावर, तुझ्यासाठी. बाप काय म्हणायचा ते म्हणू दे. लचके गेले होते तिथं मी निळा रंग दिला, तो ओबडधोबड झालाय. तू असतास तर हसला असतास. ते दोन लचके मी हिरावहिनींच्या डबीत टाकले. आम्ही दोघं ओहोटी लागल्यावर बंदरावर जाऊन डबी रिकामी करून आलो. त्या माझ्याशी वाटेत बोलल्या नाहीत, पण परत येताना घरी चहा केला.

परवा कंपनीचा माणूस आला. ओटीवर ते दोन सुतारही बसलेले होते, ज्यांना मी लसूण शिकवली. त्यानं विमान उजेडात फिरवून बघितलं, खांब बोटानं हलवून बघितला. "वा. लसूण ना मिस्त्री?"

"नाही. खिळा आहे."

सुतारांनी एकमेकांकडे बघितलं. एक म्हणाला, "तुमच्या घरात? खिळा?"

"हो. आणि लसणीनं कधीच काही धरत नव्हतं. धर्मा खालची जागा खरवडून द्यायचा, मला न सांगता. आठ वर्षं. तुम्ही लसूण चोळणं बंद करा."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग मी कंपनीच्या माणसाकडे वळलो. त्या दिवशी समोर होता तो एकटाच. म्हटलं, "आणि साहेब, पहिल्या वर्षी या ओटीवर मी धर्माला तुमच्यादेखत जे बोललो, ते चूक होतं. ते मी मागं घेतो."

त्यानं विमान खाली ठेवलं. बराच विचार केला. "काय बोलला होतात? मला काही आठवत नाही, मिस्त्री."

त्याला आठवत नव्हतं! आठ वर्षं जे माझ्या घशात अडकून होतं, ते त्या माणसाच्या कानातून त्याच दिवशी निघून गेलं होतं. आता काय करणार? काय मागं घेतोय ते तरी सांगायला हवं. म्हणून मग सुतारांच्या समोर, त्याच्या समोर, मला ते सगळं पुन्हा म्हणून दाखवावं लागलं. चिठ्ठीवरून नावं काढतोस, ते. अंगठा पुढं करतोस, ते. शेवटचा शब्दसुद्धा. एकेक शब्द मोठ्यानं, आणि मग मागं.

बाकी सगळ्याचं मी काय ते बघून घेईन, धर्म्या. पण तो शब्द माझ्या तोंडून तू दुसऱ्यांदा वदवलास, आणि या वेळी परात उचलून निघून जायलाही तू तिथं नव्हतास. याची तुला माफी नाही.